स्टँडवर बसलेली बाई

धारूर,
५ जुलै २०२५

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद. खुर्ची मोठी मिळाली म्हणून आशीर्वाद नवे मिळत न्हाईत, जुनेच गोड मानून घे.

इकडं गुडघा सोडला तर समदे खुशाल. फोन करणार होते, पण मला धड ऐकू येत न्हाई. मागच्या टायमाला गुडघ्याची सगळी हकीकत सांगून झाली, तेव्हा कळलं की ऐकणारा तुझा सहायक होता. बिचारा म्हणाला, काळजी घ्या. त्यापरीस पत्र बरं. पत्राला कुणी "मॅडम बैठकीत आहेत" म्हणत न्हाई.

आज मी भांडायला बसलेय. कुलगुरू झाल्यावर तू गावोगावी पुस्तकांच्या पेट्या धाडल्यास. एक माझ्या दुकानात आली. तुझा कागद म्हणतो की एका बाईनं एक पुस्तक घ्यायचं आन् मनात वाचायचं. पण आमच्यातल्या निम्म्या बायांना वाचता येत न्हाई, आन् आमाला पुस्तक ऐकायची एकच रीत ठाऊक, पोथीची. म्हणून मागल्या खोलीत पाट मांडला, त्या जाड निळ्या कादंबरीला हळद-कुंकू वाहिलं, एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, उठताना गूळ-शेंगदाणे. वाचणारी दगडाबाईची सून, सुकन्या. दगडाबाई म्हणजे मेंढरंवाली, लहानपणी तुला कोकरू उचलू द्यायची ती. सून बारावी झालेली. ती वाचाय लागली की खोलीत कुणी खोकत न्हाई.

कादंबरीतली गोदू तान्ह्या लेकराला घेऊन सासर सोडते, परक्या गावच्या स्टँडवर उतरते, आन् न्यायला येणारा भाऊ काही दिसत न्हाई. तिथं आमी त्या सांजेला थांबलो. तीनच अध्याय राहिलते. दुसऱ्या दिवशी तुझा समन्वयक हरिओम मोटरसायकलवर आला. दर पहिल्या तारखेला पुस्तकं पुढच्या गावाला जाणार, असा तुझ्या सहीचा कागद दाखवला. वर पुस्तक विद्यापीठाचं हाय म्हणून ओल्या फडक्यानं त्याच्यावरलं कुंकू पुसलं. समद्या बायांदेखत, ईश्वरी. दगडाबाईनं तोंडावर पदर घेतला. पोराला काय झालं ते कळलंसुद्धा न्हाई, "पावती देऊ का" म्हणून विचारत होता.

आता खरी अडचण ऐक. पोथी संपली की सुकन्याला तुझ्या विद्यापीठात बाहेरून बी.ए. ला घालीन, असं दगडाबाईनं चार बायांत कबूल केलतं. पण तिच्या घराचा नेम हाय, पोथी उघडी असंल तवर नवं काम धरायचं न्हाई, मग सोयरीक असो का भिंत. आता पोथी उघडी, आन् पोथीच जागेवर न्हाई. प्रवेशाची मुदत चौदा ऑगस्टला सरते. पोरगी रोज तेलाचं निमित्त काढून दुकानात येते आन् माझ्या तोंडाकडं बघते. मी काय सांगू?

सहीवाली तूच, तर इलाज पण तूच सांग. राग उतरला की लोभ परत सुरू करते, तवर आशीर्वादावर भागव.

तुझी आत्या,
दानम्मा


विद्यापीठ निवास,
११ जुलै २०२५

ती. आत्यास,
गुडघ्याला हात लावून सा. न. वि. वि.

तुझं पत्र बैठकीत आलं आणि मी ते बैठकीतच वाचलं. कुंकवापाशी आले आणि चेहरा असा झाला की कुलसचिवांनी पाणी मागवलं. सही माझीच आहे, आत्या. नाकारत नाही. पण ती मी का केली तेही ऐक. काही गावांत पेट्या पुढाऱ्यांच्या कपाटात गेल्या आणि किल्ल्या हरवल्या. पुस्तकं फिरती राहावीत म्हणून तो नियम केला. एखाद्या गावात पुस्तक पाटावर बसलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्याच घरात श्रावणातल्या पोथ्या ऐकत वाढले आणि मलाच सुचू नये, याचं जास्त वाईट वाटतं.

मुदत वाढवणं माझ्या हातात आहे. वाढवणार मात्र नाही. इथे या खुर्चीवर पहिल्यांदाच बाई बसली आहे. आत्याच्या ओळखीच्या सुनेसाठी तारीख हलली, हे एकाला कळलं की सगळ्यांना कळेल. मग सुकन्याची पदवी जन्मभर वशिल्याची म्हणतील. तिला तसं नको. खुर्चीचं म्हणशील तर ती आधीच्या साहेबांच्या मापाची आहे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. हे फक्त तुलाच सांगते.

त्याच कादंबरीची कोरी प्रत आजच स्पीड पोस्टानं पाठवली आहे. तीन अध्याय उरकून घ्या, की सुकन्याचा फॉर्म सुटेल. हरिओमला रागावले आहे. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं डाग आहे."

लोभ लवकर सुरू कर, इथे फार कमी पडतो.

तुझी,
ईश्वरी


धारूर,
१७ जुलै २०२५

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद, आन् सोबत एक पाट. बससोबत पार्सल केलाय, पायाखाली घे. कुणी विचारलं तर आत्याच्या गुडघ्याची आठवण म्हणून सांग. मोठ्या खुर्चीत पाय लोंबकळत बसलेली बाई काय हुकूम सोडणार?

प्रत आली, पण पाहुणी होऊन बसलीय. दगडाबाईनं हातात घेतली, उलटी-सुलटी केली आन् माघारी दिली. म्हणाली, "ही कोरी हाय. आमची बाई त्या बुकात बसलीय, स्टँडवर, लेकरू घेऊन. हिच्यात कुणाला शोधू?" मी लई समजावलं की अक्षरं तीच हायत. ती म्हणाली, एका देवळातल्या देवाला बोललेला नवस दुसऱ्या देवळात फिटतो का? मी पण नवस पाळणारी बाई. प्रत फडताळात ठेवून दिली.

आडमुठी हाय म्हणू नकोस. तिचा नवरा हरिबा रोज सांजेला मेंढरं कोंडून आला की पयलं विचारतो, "त्या बाईचा भाऊ आला का?" ती म्हणते न्हाई. मग दोघंबी भाकरीला बसतात. तिच्या थोरल्या लेकीला सासरहून निघायची वेळ आलती, तेव्हा ती अशीच केजच्या स्टँडवर बसून राहिलती, आन् हरिबाला पोचायला उशीर झालता. हे ती कधी बोलत न्हाई. मला ठाऊक हाय म्हणून लिहिते.

सुकन्याला मी हळूच म्हणलं, तू तरी नव्या बुकात शेवट वाचून घे. तर पोरगी म्हणते, सासूबाईंच्या आधी मला कळलं तर मी त्यांच्याकडं बघू कशी? घे आता. सासू पण तसली आन् सून पण तसलीच. ते पहिलं बुक हाय कुठं तेवढं बघ.

राग थोडा उतरलाय. त्या मानानं लोभ पाठवते.

दानम्मा


विद्यापीठ निवास,
२३ जुलै २०२५

ती. आत्यास,
पाटावर पाय ठेवून, ताठ बसून सा. न. वि. वि.

बुक सापडलं. चौसाळ्यात आहे, ताराबाईंच्या पिठाच्या गिरणीत. हरिओमला तिकडे पिटाळलं, तर त्याचा रडवेला फोन आला. चौसाळ्याच्या बायांनीही पुस्तक पाटावर मांडलं आहे. सांगितलं कोणी? कोणीच नाही. त्यांनाही तीच रीत ठाऊक! तो दारात दिसताच ताराबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या आणि म्हणाल्या, आमची गोदू आत्ताशी लग्न करून आली आहे, तिला नेलंस तर बघ. धारूरची खबर त्यांच्यापर्यंत पोचली होती. एकीनं त्याच्या हातातलं फडकंसुद्धा काढून घेतलं.

मी हुकूम काढला तर संध्याकाळपर्यंत पुस्तक तुझ्या दुकानात येईल. पण मग मीच दुसऱ्यांदा अर्धी पोथी उठवली असं होईल, आणि चौसाळ्यात कुणाची सून अडकेल देव जाणे. इथे एक सदस्य हसत म्हणाले, मॅडम, महिनाभरात एका गावात एकच पुस्तक वाचलं जातंय, योजना फसली हे मान्य करा. त्यांच्या कागदावर वाचक एकच दिसतो, ऐकणाऱ्यांसाठी आम्ही जागाच ठेवलेली नाही.

आत्या, मी बेजार झाले आहे. अशा वेळी रीत काय सांगते ते विचार. माझ्या नियमावलीत नाही, दगडाबाईंच्यात असेल.

लोभाची गरज आहे. मागून घेतेय.

ईश्वरी


धारूर,
२८ जुलै २०२५

चि. ईश्वरीस,
आज श्रावणाचा पहिला सोमवार, म्हणून आशीर्वाद बेल वाहून.

तुझं पत्र दगडाबाईला वाचून दाखवलं. चौसाळ्याच्या बाया उंबऱ्यात बसल्या, इथं ती पयल्यांदा हसली. म्हणाली, चांगल्या घरी पडली म्हणायची. मग तुझा सवाल विचारला, तर अक्षी सोपं बोलली. ज्या घरी पोथी चालू असंल तिथं सुतक पडलं तर पोथी शेजारच्या घरी पुरी करतात, आन् ऐकणारे तिथं जातात. "मेंढरांनी चाऱ्याकडं जायचं असतं," म्हणाली, "आमी जाऊ." तिचं हे बोलणं ऐकून मी तराजू तसाच सोडला आन् तुला लिहाया बसले. इतके दिवस आपण दोघी शिकलेल्या बुक इकडं कसं आणावं त्याचाच विचार करत होतो.

तवा ताराबाईला निरोप धाड. गोदू स्टँडवर उतरली की तिथं थांबा म्हणावं, पुढचं संगं ऐकू. पण चौदा तारखेच्या आत व्हाया पाहिजे. घाई कशापायी, ते पण सांग तिला.

दानम्मा


विद्यापीठ निवास,
३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
घाईत, पण मनापासून सा. न. वि. वि.

ताराबाई कबूल! आता रोज दोन-दोन अध्याय वाचताहेत. म्हणाल्या, धारूरच्या बायांची गोदू किती दिवस उघड्यावर बसवायची. अकरा तारखेच्या सोमवारी दुपारी या, गिरणी बंद ठेवते. मला यायचं होतं. पण त्याच दिवशी योजना चालू ठेवायची का यावर बैठक आहे, आणि तिथून उठले तर पेट्याच उचलल्या जातील. तू माझ्या वाटचं ऐकून ये.

एकच विनंती, घरी आल्यावर लगेच लिही. जीव टांगणीला आहे, आणि इथे तो कोणाला दाखवता येत नाही.

ईश्वरी


धारूर,
१३ ऑगस्ट २०२५

चि. ईश्वरीस,
अनेक आशीर्वाद, आज हात सैल सोडून.

आधी फॉर्मचं सांगते, न्हाईतर तू अधाशी, पत्र उलटून शेवट बघशील. काल केजला जाऊन सुकन्याचा फॉर्म भरला. मुदतीच्या आत, तुझी ओळख न सांगता. झालं. आता पाटावर पाय ठेव आन् निवांत वाच.

सोमवारी आमी जीपमधनं गेलतो. दगडाबाई पुढं बसलती, मांडीवर गुळाची ढेप. चौसाळ्याच्या बाया रस्त्यावर येऊन थांबलत्या. पाय धुवाया पाणी, चहा, माहेरी आल्यागत. तुझा हरिओम कोपऱ्यात उभा होता. ताराबाईनं त्याला पुढं बोलावलं, करंडा हातात दिला आन् म्हणली, पुसलंस तूच, लाव पण तूच. पोरानं कुंकू लावलं, वर बुकाला डोकंबी टेकवलं, कुणी सांगितलं नसताना. दगडाबाईनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. त्याला आता रागावू नकोस, चांगलं पोरगं हाय.

मग ताराबाईच आपल्या पाटावरनं उठली आन् सुकन्याला बसवलं. तीन अध्याय पोरगीनं एका बैठकीत वाचले. गोदूचा भाऊ आलाच न्हाई, ईश्वरी. आमी समद्या चिडलो, एकदोघींनी शिव्या दिल्या. पण स्टँडवरची चहावाली तिला आपल्या खोपीत नेते, आन् शेवटच्या पानावर गोदू स्वतःच्या घराचं कुलूप उघडून आत जाते. शेवटाला सुकन्या भराभरा वाचाय लागली. दगडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आन् म्हणाली, सावकाश वाच, घाई न्हाई. मी रडले, ते काही लपवत न्हाई.

तुझा निरोप परतीच्या वाटेतच मोबाईलवर आला. सुकन्यानं वाचला, की पेट्या राहणार, आन् सुरू असलेलं वाचन मोडून कुणी बुक उचलायचं न्हाई, असा नवा कागद तू काढलास. ऐकणाऱ्या बाया पण मोजणार म्हणं. दगडाबाई म्हणाली, हरिबाला पण मोजा, तो आडून आडून ऐकतो.

आमी पोचलो तवा दिवे लागलते. तिला सोडाया मी वस्तीवर गेलते. हरिबा मेंढरं कोंडून वाड्याच्या काटेरी कुपाटीपाशीच उभा होता, वाट बघत. त्यानं काही विचारायच्या आत दगडाबाई जीपमधनंच बोलली, "भाऊ न्हाई आला. पण बाई पोचली घरी." हरिबानं मुंडासं काढून तोंड पुसलं, मग परत बांधलं. तवर सुकन्या उतरून पिशव्या काढीत होती. दगडाबाईनं तिच्याकडं बोट केलं.

"आता हिला निघू द्या," म्हणाली. "उद्या केजच्या स्टँडवर तुमीच घेऊन जा. येळेवर."

काल तिला घेऊन तो वेळेच्या कितीतरी आधी स्टँडवर जाऊन बसलता. लोभ समदा परत सुरू केलाय, मागचा थकलेला पण धरून.

तुझी आत्या,
दानम्मा