करडीगुड्ड्यावरची अकरावी शेंग

मल्लेश्वरम, बंगळूर
रविवार, १४ जुलै १९६३

तीर्थरूप चंद्राआत्यांच्या पायांशी, हात-पाय-नाक-कान सगळं जागच्या जागी असलेल्या प्रमोदिनीचा नमस्कार पोचावा.

पत्राला तीन महिने उशीर झाला, हे कबूल. तुमची दोन कार्डं मिळाली. तिसऱ्यावर मजकुरापेक्षा उद्गारचिन्हंच जास्त होती, तेही मिळालं. कवळीचं काय झालं? बसली नीट, की अजून बोलताना सुटते? (बाबा म्हणतात, मुलींच्या शाळेत तेवीस वर्षं हेडमास्तरीण असलेल्या बाईच्या तोंडातून सुटायची कवळीची काय बिशाद.) इकडे बाबा रोज सकाळी कारखान्याची बस धरतात आणि संध्याकाळी त्याच बसनं झोपून परत येतात. आई पुण्याची असूनही आता कन्नड बोलते, म्हणजे भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा" म्हणते. तो अत्यंत आदरानं "सरी अम्मा", म्हणजे "बरं बाई", म्हणतो आणि भाव तोच लावतो. दोघंही खूश असतात.

तुम्ही विचारलं होतं की एम. एस्सी. होऊन ही मुलगी नक्की करते काय. बाबांनी तुम्हाला "वनस्पतींचं संशोधन" असं कळवलं, ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं लिहायला त्यांचा हात धजला नसणार, तेव्हा मीच लिहिते. आत्या, मी डोंगरावर अस्वलाची विष्ठा गोळा करते. (आमचे संशोधनप्रमुख डॉक्टर भीमाचार्य तिला "सामग्री" म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तसं म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सत्यनारायण आहे.) कारण असं, की बहाव्याचं बी दगडासारखं टणक असतं, नुसतं पेरलं तर सहसा उगवत नाही. पण अस्वलाला बहाव्याच्या शेंगेतला गोड चिकट गर भारी आवडतो. गर पोटात राहतो, बी पोटातून फिरून बाहेर पडतं, आणि डॉक्टरांचं म्हणणं, असं फिरून आलेलं बी झटकन रुजतं. म्हणजे डोंगरावरचा बहावा अस्वलच लावतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवताना त्यावरच बोलत होते. तिसऱ्या दिवशी आईनं माझं ताट वेगळ्या खोलीत मांडलं.

पण वरिष्ठांना हे पटेना. मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं, की पावसाळ्यापर्यंत पुरावा द्या, नाहीतर काम बंद. डॉक्टरांनी लवकर निवृत्त व्हावं आणि मी कचेरीच्या तळघरात वाळलेल्या पानांना चिठ्ठ्या डकवत बसावं. अस्वल शेंगा खाताना कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे आणि मग बी उगवलं पाहिजे, दोन्ही हवं. म्हणून एप्रिलमध्ये आम्ही करडीगुड्डा नावाच्या डोंगरावर गेलो. कन्नडमध्ये करडी म्हणजे अस्वल, हे तुम्हाला बेळगावात राहून ठाऊक आहे, आईला नाही. बाबांनी तिला सांगून टाकलं की तिथं करडईची शेतं आहेत. तिनं मला निघताना कोवळी भाजी आणायला सांगितलं.

वर जंगलखात्याचा बंगला आहे. त्यात डॉक्टर, त्यांच्या पत्नी सत्यवतीअक्का, मी, आणि बाहेरच्या खोलीत देवाप्पा नावाचा म्हातारा वनरक्षक. डॉक्टर कडक सोवळ्याचे. सामग्रीला हात लावला की स्नान, असे दिवसाला चार-पाच वेळा ते झऱ्यावर जात. नऊ दिवस आम्ही चाळणीनं चाळून बिया वेचल्या, पण अस्वलाचं नखसुद्धा दिसलं नाही. देवाप्पा रोज बजावायचा, की बहाव्याच्या बाजूला उजाडताना जाऊ नका, दोन पिल्लांची आई आहे. डॉक्टर मान डोलवायचे आणि उजाडताना संध्येला झऱ्यावर जायचे. झरा बहाव्याच्या बाजूलाच आहे, हे देवाप्पानं सांगितलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना दिसतच होतं.

दहाव्या दिवशी डॉक्टर परत आले नाहीत. आठ वाजले, सत्यवतीअक्कांनी केलेलं उप्पीट गार झालं. मी आणि देवाप्पा झऱ्यावर गेलो. तिथं पळी-पंचपात्र होतं आणि एक खडाव उलटी पडली होती. देवाप्पानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "अक्का, मुगीतु." संपलं! आत्या, आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांना मनातल्या मनात हट्टी म्हातारा म्हटलं होतं. आता सत्यवतीअक्कांना काय सांगायचं, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. देवाप्पा बंदूक आणायला बंगल्याकडे धावला. मी शहाणी असते तर तिथंच थांबले असते. पण मी हाका मारत झुडपांतून पुढं गेले आणि बहाव्याच्या मोकळ्या जागेत बाहेर आले, तर समोर वीस पावलांवर ती बसली होती. मांडी घालून बसल्यासारखी, पुढ्यात शेंगांचा ढीग, शेजारी दोन काळी गाठोडी लोळत होती.

आणि वरून, जांभळाच्या झाडातून, दबक्या आवाजात शब्द आले, "हलू नकोस! बाईंची अकरावी शेंग चालू आहे."

वर पाहायचं धाडस मला झालं नाही, पण आवाज ओळखीचा होता. मला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. त्या आवाजानं असेल किंवा माझ्या हुंदक्यानं, अस्वलीण मागच्या दोन पायांवर उभी राहिली. वीतभर लांब नाक हवेत फिरवून तिनं माझा वास घेतला. अस्वलांना दिसतं कमी, पण वास फार येतो. नऊ दिवस मी तिचीच सामग्री चाळत होते, तेव्हा तिला मी नात्यातलीच कुणीतरी वाटले असणार. तिनं नाकातून एक लांब फुस्कारा सोडला, खाली बसली, आणि दोन्ही पिल्लं तिच्या पाठीवर चढून केसांत रुतली. मग ती तशीच, पाठीवर पोरं घेऊन, डोंगराच्या कडेनं डुलत निघून गेली. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही, आणि ते लवकर जावं असंही कधी इतकं वाटलेलं नाही.

त्यानंतर मी खाली बसून मनसोक्त रडले. डॉक्टर वरून विचारत होते, "तू मोजल्यास ना? मी अकरा मोजल्या." अस्वलाला झाड चढता येतं हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, पण पळताना ते आठवलं नाही म्हणे. वर कागद नव्हता, म्हणून कनवटीला असलेली गोपीचंदनाची वडी काढून त्यांनी सगळी निरीक्षणं उपरण्यावर लिहिली होती, कुठली शेंग किती वेळात, कुठल्या पंजानं फोडली. आता उतरायचा प्रश्न आला. चढताना अस्वलाचा धाक होता, उतरताना तो नव्हता, म्हणून जमेना. देवाप्पा बंदूक घेऊन आला आणि खांदा पुढं केला, तर वरून "मी सोवळ्यात आहे, शिवू नका." देवाप्पा बिचारा तसाच उभा राहिला. पुढचा निर्णय फांदीवरच्या तांबड्या मुंग्यांनी घेतला. डॉक्टर एकदम देवाप्पाच्या खांद्यावर आले, आणि बंगल्यापर्यंत खांदा सोडायचं नावच घेईनात.

सत्यवतीअक्का आधी रडल्या, मग नवऱ्याला अर्धा तास बोलल्या, आणि मग (हाताला काहीतरी काम हवं म्हणून) त्यांनी डॉक्टरांचं मळकं उपरणं धुऊन टाकलं. आम्ही जेवून बाहेर आलो, तर ते दोरीवर पांढरंशुभ्र फडफडत होतं. मग डॉक्टरांनी मला वही आणायला सांगितली, डोळे मिटले आणि लहानपणी वेद पाठ केले तसं, पहिल्या शेंगेपासून म्हणायला सुरुवात केली. मी खात्री करावी म्हणून मध्येच सातवी विचारली, तर डोळे न उघडता म्हणाले, "मधून विचारू नकोस, पहिल्यापासून घ्यावं लागतं." आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. एक अक्षर बदललं नाही.

बियांच्या कुंड्या मी आमच्या गच्चीवर ठेवल्या, पन्नास बिया सामग्रीतल्या, पन्नास थेट शेंगेतल्या. जून अर्धा गेला तरी काही नाही. मी रात्रीचं जेवण सोडलं, आणि डॉक्टर रोज संध्याकाळी फाटकाशी येऊन काही न विचारता परत जात. मग एका सकाळी आई हातात झारी घेऊन जिन्यावरून ओरडत खाली आली, "आले गं, आले!" सामग्रीतले चौतीस, शेंगेतले तीन. कुठलं खत घातलंस असं तिनं विचारलं, मी रानातलं म्हणाले, तिला ते आवडलं.

परवा वरिष्ठांचं पत्र आलं, काम आणखी एक वर्ष चालू ठेवा. डॉक्टरांनी ते तीनदा वाचलं आणि चष्मा पुसत बसले. मी घरी येऊन दुपारी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी दहाला उठले. तळघर नको, चिठ्ठ्या नकोत, सगळे जिवंत आहेत. आत्या, इतकं हलकं मला मॅट्रिकच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

तेव्हा काळजी नसावी. प्रकृतीला जपा, आणि उद्गारचिन्हं थोडी कमी.

तुमची, अजूनपर्यंत अखंड,
प्रमोदिनी

ता. क. अस्वल समोर आल्याचं घरी बोलू नका. आईला मी रानडुक्कर सांगितलं आहे, बाबांना माकड. देवाप्पा म्हणतो, अंतर वीस नव्हे, चाळीस पावलं होतं. पण तो तेव्हा तिथं नव्हता.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं मुख्य कारण राहिलंच. सत्यवतीअक्कांनी पुन्हा त्या डोंगरावर पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली आहे, आणि कचेरीचा नियम असा, की वडीलधारी बाई सोबत असल्याशिवाय मला बंगल्यात राहता येणार नाही. मी तुमचं नाव दिलं आहे. पुढच्या मार्चपासून मे अखेरपर्यंत. हवा उत्तम, पाणी गोड, शेजार शांत.

ता. क. तिसरा. डॉक्टरांना तुम्ही हेडमास्तरीण होतात हे सांगितलं. ते उपरणं सावरून ताठ बसले आणि मग "सरी" म्हणाले. अर्ज मी भरला आहे, सही तेवढी तुमची हवी. तो सोबत आहे. पाकिटाच्या जाडीवरून हे तुमच्या आधीच लक्षात आलं असेल.