पाण्याच्या जागेचे ठिपके

९ जुलै

मामाचं चित्र पुरं झालं! पण — लिहायला हात धजत नाही — खालचा डावा कोपरा, पाण्याच्या जागेचा, मी भरला. मामाला आता रंगाचा डबाही चाचपडून शोधावा लागतो. काल तो चित्रापुढे बसल्याबसल्या पेंगला आणि मी ठिपके द्यायची काडी उचलली.

चित्रातली गोष्ट मामाच्या वडिलांच्या मुलखाची. ती रंगवायची मामाने, नाहीतर त्याच्या मुलीने, ग्लेनिसने. मी बहिणीची मुलगी, म्हणजे राखणदार. शेजारी बसायचं, चुकलं तर टोकायचं. काडी धरायची नाही.

११ जुलै

अ‍ॅडलेडहून डॉक्टर रोझलिंड आल्या. चित्र घ्यायचं तर नीट घ्यायचं, अशी बाई. गोष्ट कोणाची, मामाला त्याचा वाटा मिळतो ना, फोटो काढला तर चालेल का — सगळं विचारलं. शहरातल्या दुकानांत कोणाचेही ठिपके आम्हा आदिवासींच्या नावावर खपतात; अशी गिऱ्हाईकं यावीत म्हणून तर हे कलाकेंद्र. शेवटी म्हणाल्या, "सगळं यांनीच काढलंय ना?"

मी हो म्हटलं. मामा शेजारीच बसून ऐकत होता. चित्र कोणाचं ते सांगणाऱ्या केंद्राच्या दाखल्यावर सही माझीच. खोटं बोलायला हीच बाई सापडली मला!

१२ जुलै

चहासुद्धा गोड लागला नाही.

१३ जुलै

ग्लेनिसला सांगून टाकलं. ती निखाऱ्यांत कांगारूची शेपटी पुरत होती. वर बघितलंही नाही.

"आम्ही चुकलो तर तू टोकतेस. तू चुकलीस तर कोणी टोकायचं?"

मग मला मनगटाला धरून मामापुढे उभं केलं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"डोळे गेलेत, कान नाही गेले," मामा म्हणाला. "तुझी काडी भरभर वाजते. मी पेंगल्याचं सोंग घेतलं होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"पाणी काढायचं राहून गेलं असतं, पोरी. आता त्या बाईला खरं सांग. तुझंही नाव घाल."

ग्लेनिस दोघांवरही चिडली. पण जाऊन कोपऱ्यातले ठिपके बोट फिरवून तपासले, आणि बरोबर आहेत म्हणाली. मला रडूच आलं.

१६ जुलै

डॉक्टरीणबाईंना फोन केला. खरं काय ते सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, दोन्ही नावांचा नवा दाखला पाठवा, चित्राखालीच लावते. वर हेही विचारून घेतलं, की चित्रकार गेला तर आपण काय करायचं. मी सांगितलं — गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. लिहिलेलं असलं तर झाकायचं, आम्ही कळवेपर्यंत.

२ ऑगस्ट

दाखला गेला. त्याआधी मामाला वाचून दाखवला. आपलं नाव त्याने दोनदा वाचायला लावलं.

२८ सप्टेंबर

मंगळवारी मामा गेला. या वहीत त्याला नुसतं मामाच लिहीत आले, ते बरं झालं.

डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्यांनी भिंतीचा फोटो पाठवला. सांगितलं तसंच केलंय, वरच्या नावावर कागद चिकटवलाय. चित्राखाली आता एकच नाव वाचता येतं. माझं.