फोनवरच्या बाईचा घास

सोमवार, ३ जून
श्री स्वामी समर्थ. आज आलेलं सामान: टेबल, जुनं पण सागाचं, आठशे. फिरती खुर्ची साडेअकराशे (बाराशेवर अडून बसला होता). पडदा दोनशे दहा. लॅपटॉप आणि कानाला लावायचा हेडफोन कंपनीकडून, फुकट. देवघर सिन्नरहून एसटीत मांडीवर आणलं, त्याचं तिकीट नाही पडलं.

पाथर्डी फाट्याची ही जागा दोन खोल्यांची, पण ऊन छान येतं. यांचा कारखाना सिन्नरला, म्हणून हे तिकडेच. वल्लरीसोबत मी आले. पोरगी मानसशास्त्रात एम.ए. झाली तेव्हापासून घरात एकच विषय, पुढे काय? शाळेने बी.एड. मागितलं, दवाखान्याने आणखी वरची डिग्री, कंपन्यांनी अनुभव. धाकटे दीर खंडेराव भावजी तर भर पंगतीत म्हणाले, वेड्यांशी बोलायला कॉलेज कशाला, आमच्या घरी राहायला ये, फुकटात शिकशील. सगळे हसले. वल्लरी भरल्या ताटावरून उठली होती.

आता नोकरी लागली. मन मोकळं करायला लोक फोन करतात, ही घरी बसून ऐकते. मी मॅट्रिक. मला एवढंच समजलं की ऐकून घेण्याचा पगार मिळतो. आम्हा बायकांना हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

शनिवार, ८ जून
कामाचे नियम कडक. फोन आपण ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवायचा. आपल्या घरातलं काही सांगायचं नाही. एक बाई रोज फोन करते. नाव सांगत नाही, नुसती रडते. वल्लरीच्या वरच्या तृप्ती मॅडम म्हणाल्या, ती दुसऱ्या कुणाशी बोलतच नाही, तिला नीट सांभाळ, सहा महिन्यांत तुला कायम करू. वल्लरीने मला उचलून गरकन फिरवलं. किती दिवसांनी अशी हसली.

मंगळवार, ११ जून
आज माझी चूक झाली. वल्लरी पाणी प्यायला उठली होती. टेबलावरच्या हेडफोनमधून रडणं येत होतं. मला राहवलं नाही. तोंड जवळ नेऊन विचारलं, जेवलीस का गं बाई? रडणं एकदम थांबलं. म्हणाली, मला कुणी वाढतच नाही. मी बोलून गेले, तुझ्या नावाचा घास काढून ठेवते हो. सिन्नरला रोज गाईचा काढतो, इथे गाय कुठली!

वल्लरी चिडली, आई, तू माझी नोकरी घालवशील. पण दिला शब्द कसा मोडायचा? वाटीत वरणभात, वर तूप, असं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं.

शुक्रवार, १४ जून
वाटी रोज रिकामी होते, अगदी पुसल्यासारखी. वाटलं, वल्लरीच खाते. पण तिच्या ताटातलं तसंच राहतं. भूक नाही म्हणते. गालफडं बसली. फोन मात्र सारखा चालू. ती बाई आता रडत नाही म्हणे, घरातलं विचारते. माझ्या माहेरी कोण कोण आहे, माझी सासू कशी होती, हे मला कशी हाक मारतात.

सोमवार, १७ जून
दुपारी वल्लरी आंघोळीला गेली. खोलीतून तिचाच आवाज आला, आई, वाढ. बाथरूममध्ये नळ चालू होता. खोलीत जाऊन पाहिलं. लॅपटॉप बंद. खुर्ची हळूहळू फिरत होती. घास काढणं आजपासून बंद.

मंगळवार, १८ जून
घास काढला नाही आणि संध्याकाळी वल्लरी उभ्या उभ्या कोसळली. यांना फोन करून सगळं सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, पहिलीच नोकरी आहे, सोडायला लावू नकोस, तू आपली वाढत जा. इतकं गोड हे कधी बोलले नव्हते. धीर आला. पुन्हा वाढलं.

शुक्रवार, २१ जून
भावजी गवार घेऊन आले. म्हणाले, वहिनी, दादाचा मोबाइल रविवारी पाण्याच्या टाकीत पडला, अजून दुरुस्तीलाच आहे, तुमची खबर नाही म्हणून दादा जिवाला घोर लावून बसलाय.

रविवारी. मग मंगळवारी मी कुणाशी बोलले?

तेवढ्यात वल्लरी बाहेर आली. भावजींना म्हणाली, खंड्या, किती वाळलास रे. आवाज सासूबाईंचा. त्या वल्लरी व्हायच्या आधीच गेल्या. भावजी चहा न घेता उठले, चपला न घालता. खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकलं. मलाही न्या म्हणायचं राहिलं — आणि पोरीला सोडून जाणार तरी कशी.

सोमवार, २४ जून
लॅपटॉप गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकला. तरी बोलणं चालूच. आता वल्लरीकडून येतं, पण ओठ हलत नाहीत. मध्येच एकदा तिचा खरा आवाज आला, आई, मला घरी ने. लगेच दुसरा, नको आई, मी कायम होणार आहे.

बुधवार, २६ जून
खुर्चीतून उठत नाही. ओढून पाहिलं. हात गार — जपाला बसले तर माझ्याच आवाजात माझ्या आधी नाम येतं. माळ ठेवून दिली. पाणी तेवढं पाजलं. घोट गिळला. म्हणजे अजून आहे, माझी आहे —

गुरुवार, २७ जून
अहो, हे पान फाडून शेजारच्या सविताताईंकडे पोस्टात टाकायला देते. फोन करू नका. फोनवर कुणीही तुम्ही होतं. गाडी घेऊन या, चार माणसं आणा, पोरीला खुर्चीसकट —

दाराशी तुमचा आवाज. अगं उघड, न्यायला आलोय. खोकलाही तुमचाच. आत वल्लरी हसते आहे.

मी उघडणार नाही. खरंच तुम्ही असाल तर रागावू नका. तसेच सिन्नरला परत जा आणि उलट टपाली कळवा, तुमच्या हातच्या अक्षरात, की दाराशी तुम्हीच होता, म्हणजे मी —