दोन तास दहा मिनिटं

द्वारका, दिल्ली

तीर्थरूप आईस, विलासचा साष्टांग नमस्कार.

तुझ्यासाठी सोळा इंच उंचीचा पलंग केला, बसल्यावर तुझे पाय जमिनीला टेकतील असा. बाथरूममध्ये धरायला दोन दांडे बसवले, उंबऱ्याला लाकडी उतार केला. कुणाकडे शिकलो नाही, पण एक खिळा वाकडा नाही. पलंगावर बसून हेमलता म्हणाली, "अच्छा, माझ्यासाठी कधी केला नाहीत असा!"

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

फोन जयंत तुझ्या हातात देत नाही, म्हणून पत्र. गेल्या वर्षी तू पडलीस आणि मला सुट्टी मिळेना, तेव्हा हाच ओरडला होता, "दादा, विमानाने दोन तास दहा मिनिटं लागतात, कारणं सांगू नकोस!" आता तुला इकडे आणतो म्हटलं, तर म्हणतो, "दिल्ली केवढी लांब, आईला झेपणार नाही." वर्षभरात दिल्ली सरकली की पुणं? तुमच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पाच तास चाळीस मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून मोजलेत. विमानतळावर चाकांची खुर्चीही मिळते.

तू घाबरू नकोस. सतरा तारखेला मी येतोय, अठराची आपली दोन तिकिटं काढली आहेत. यायचं की नाही ते तू ठरव, त्याने नाही.

त्याने तुला सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. "आईला इथल्या वृद्धाश्रमात ठेवू. तू काही देऊ नकोस, दादा, महिन्याचे अठ्ठावीस हजार मी एकटा भरतो," म्हणाला. मी नाही म्हटलं.

तुझा
विलास