छान म्हणजे नेमकी कशी?

प्रिय ठमे,

दुकानात बसून लिहितेय. समोर एक गृहस्थ चष्म्याच्या फ्रेमा लावून लावून आरशात बघतायत आणि प्रत्येक फ्रेममध्ये स्वतःवरच नाराज होतायत, त्यामुळे मला वेळ आहे. घरून लिहिता येत नाही, आणि फोनचं तर नावच काढू नकोस. मी फोन हातात घेतला की तुझे बाबा कुठूनतरी येऊन शेजारी उभे राहतात. आणि मला आज मनसोक्त चिडायचंय. चिडायलाही माणसाला जरा मोकळी जागा लागते गं.

सकाळच्या कॉफीपासून सुरू करते, कारण माझ्या डोक्याला ताप तिथूनच सुरू होतो. आपल्या घरात कॉफीवर बोलायचा अधिकार कुणाला होता, हे तुला सांगायला नको. उभा जन्म कॉफीच्या कंपनीत चव बघण्यात गेलेला माणूस. कप नाकाशी नेऊन डोळे मिटायचे आणि सांगायचे, या बिया वाळताना भिजल्यात, हे पोतं रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवलेलं होतं. आणि ते खरं निघायचं! लग्नानंतर लगेचच मी एकदा नुसतं ‘छान झालीय’ म्हटलं, तर माझी शाळाच घेतली. ‘छान म्हणजे नेमकी कशी? छान हा शब्द पडद्यांसाठी ठेव.’ त्यानंतर मी मत द्यायचं सोडून दिलं आणि मुकाट पीत आले. माझ्या दोन चमचे साखरेकडे बघून ते नाक मुरडायचे, मी त्यांच्याकडे बघायचेच नाही. खरं सांगू? त्यात फार सुख होतं. कुणीतरी रोज आपल्यासाठी जीव ओतून काहीतरी करतंय आणि आपण खिडकीत बसून नुसतं प्यायचंय. मी बाकी काही मागितलं नव्हतं.

आणि आता? थंडीत त्यांना तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून ओट्यावर वजनकाटा आलाय. बिया मोजून, पाणी मोजून, वर घड्याळ लावून. पूर्वी मुठीने बिया घालायचे आणि वासावरून कळायचं त्यांना, आता थांबायचं की आणखी दळायचं. आता घड्याळ वाजेपर्यंत हात बांधून उभे. मग कप माझ्या हातात देतात आणि समोर बसतात. ‘कशी झालीय? वास कसा येतोय? जळका की भाजका? सावकाश सांग.’ अरे देवा, माझी बस जाते! मी म्हणते, अहो, जन्मभर मला बोलू दिलं नाहीत, आता सकाळी सकाळी परीक्षा कसली घेताय? त्यावर हसतात आणि म्हणतात, ‘तुझी जीभ तयार करतोय.’ या वयात! जीभ तयार करायची तर भांडायला करा म्हणावं, ती आधीच तयार आहे. एकदा मी चिडून कप तसाच ठेवून निघाले, तर दारापर्यंत मागे आले. ‘एवढंच सांग, आंबट आहे का?’ मी न पिताच हो म्हटलं आणि जिना उतरले. दिवसभर मनाला लागून राहिलं ते.

तुझ्या नव्या कॉफीच्या दुकानासाठी तू पाठवलेल्या नमुन्यांचंही तेच. कप ओळीने मांडले, मला खुर्चीत बसवलं आणि एकेक प्यायला लावलं. मी आपलं तोंडाला येईल ते बोलत गेले. ही ओल्या लाकडासारखी, ही चांगली पण घशात राहते, ही तिसरी मात्र संपूच नये असं वाटतं. संध्याकाळी त्यांना ते तुला फोनवर सांगताना ऐकलं आणि मी चाटच पडले. शब्द न् शब्द माझे! ‘तिसरी घे, संपूच नये असं वाटतं.’ त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो, तू पलीकडे किती खूश झालीस ते ऐकलं. म्हणालीस, ‘बाबा, असं तुम्हीच सांगू शकता.’ मी आत भाजी चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली. मला वाटलं, म्हातारपणी हे आळशी झाले. आयतं मिळालं की कुणाला नको असतं?

मग मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्या जुन्या साहेबांना भेटायला गेलो. तुला आठवतं ना बाबांसोबतचा प्रवास म्हणजे काय असायचा? गाडी थांबली की हे खाली, कुठल्या टपरीवर बरी कॉफी आहे ते हुंगायला, आणि आपण दोघी जीव मुठीत धरून खिडकीशी. परक्या गावात पत्ता विचारायचे नाहीत, वासामागे चालायचे. पाय दुखायचे, पण शेवटी हातात गरम कप यायचा आणि आपण तिघं फूटपाथवरच फुंकर घालत उभे राहायचो. या वेळी गाडीत जागचे हलले नाहीत. मीच उतरून दोन कप आणले. पाणचट होती, पण त्यांनी घोट घेऊन मान डोलावली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या घराकडे पायी निघालो. एका वळणावर कॉफी भाजण्याचं दुकान होतं. दार सताड उघडं, आत यंत्र फिरतंय आणि सगळा रस्ता त्या वासाने भरून गेलेला. मी, जिला कॉफीतलं ओ की ठो कळत नाही, तीसुद्धा थबकले. आणि तुझे बाबा नाकासमोर चालत पुढे निघून गेले. मागे वळून म्हणाले, ‘काय गं, चप्पल चावतेय का?’

ठमे, मला तिथेच कळलं.

माझं कामच ते आहे गं. इथे लोक डोळे तपासायला येतात आणि खुर्चीत बसायच्या आधी फळ्यावरची शेवटची ओळ पाठ करून ठेवतात. दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटते. मी फळा बदलला की गप्प होतात, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने अक्षरं सांगतात. इतकी वर्षं मी असे लोक ओळखतेय आणि घरातला माणूस रोज समोर बसून माझा चेहरा वाचतोय, हे मला कळू नये? स्वतःचाच इतका राग आला. तरी खात्री करायची होती. लॉजवर परतल्यावर ते खोलीतल्या शेगडीवर माझ्यासाठी दूध तापवत होते. दूध खाली लागलं, खोलीभर जळका वास. ते शेजारीच पेपर वाचत उभे. त्याच दुधाची कॉफी त्यांनी माझ्या हातात दिली. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, छान झालीय. नेमकी कशी, हे त्यांनी विचारलं नाही. खांदे सैल सोडले आणि म्हणाले, ‘मला वाटलंच होतं.’ मी तो कप शेवटपर्यंत प्यायले. एवढी कडू गोष्ट मी आयुष्यात प्यायले नसेन.

आता तू म्हणशील, मग विचारलं का नाहीस? कसं विचारू? आपल्या भाषेने माणसाची सगळी अब्रू नाकात नेऊन ठेवलीय, आणि या माणसाचं तर पोटही नाकावरच होतं. एकदा म्हटलं, कानाच्या डॉक्टरांना माझा कान दाखवायचाय, सोबत चला, ते नाकही बघतात. तर म्हणाले, ‘तू जाऊन ये, मला काय झालंय?’ मी रोज घरातून निघताना गॅस बंद आहे ना ते बघते आणि दिवसभर इथे जीव टांगणीला. राग कशाचा येतो सांगू? वास गेला याचा नाही. तो जाईल, कदाचित परतही येईल. पण ज्या बाईच्या नाकावर हा माणूस दिवस ढकलतोय, तिलाच सांगत नाही!

हे सगळं तुला आजच लिहितेय ते कालच्या तुझ्या फोनमुळे. दुकान उघडायच्या आधी व्यापाऱ्यांसमोर बसून बाबांनी माल निवडावा, म्हणून तू पुन्हा बोलावलंस आणि त्यांनी पुन्हा गुडघ्याचं कारण काढलं. तेव्हा तू म्हणालीस, ‘माझं दुकान तुम्हाला पटलंच नाहीये, तर सरळ सांगा. मी परत विचारणार नाही.’ आणि फोन ठेवून दिलास. ते उठून धुतलेलेच कप पुन्हा धुवायला लागले. त्यांना तुझं दुकान पटतं गं, गल्लीतल्या न्हाव्यालाही सांगून झालंय. चारचौघांत कप नाकाशी न्यायची त्यांना भीती वाटते, एवढंच आहे. म्हणून तो व्यापाऱ्यांचा घाट रद्द कर आणि तूच इकडे ये. मी इथे चष्म्याच्या दुकानात असताना ये, तुम्ही दोघंच असा, आणि त्यांना सरळ विचार. मला सांगणार नाहीत, पण तुझं नुकसान होऊ नये म्हणून तुला सांगतील. सांगितलं तर रडू नकोस आणि ‘असू दे’ही म्हणू नकोस. फक्त मला हे कळलंय, ते त्यांच्यापाशी बोलू नकोस. संध्याकाळी मी घरी आले की त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने मला सांगायला हवं. तेवढ्यावर माझा हक्क आहे.

तुझीच,
आणि कितीही चिडले तरी त्यांचीही,
आई