लाईट कमी पडतोय

नाना, परवा मी गाडीचा हेडलाईट पुन्हा बदलला. तुमच्या वेळी बल्ब उडाला तरच बदलायचे. आता चांगला चालू असलेला काढून दुसरा टाकतात, आणि मी तर वर्षाच्या आत तिसऱ्यांदा टाकला. आधी गाडीबरोबर आलेला पिवळा काढून जास्त ताकदीचा पिवळा घातला, मग एलईडी, आणि परवा त्याहून मोठा एलईडी, ज्याला मागच्या बाजूने तापू नये म्हणून बारकासा पंखा असतो. हसू नका. बल्बाला पंखा असतो हे तुम्हाला पटलंच नसतं, तुम्ही गुरांच्या दवाखान्यातल्या सगळ्यांना हाका मारून तो दाखवला असता. घरी मी सांगितलं की हल्ली सगळेच बसवतात, आणि ते खरंही आहे. पण मी बसवला तो भीतीने. ही भीती ज्याच्यापाशी बोलावी असा माणूस तुमच्याशिवाय मला दुसरा सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली.

गेवराईतला मिस्त्री भला माणूस आहे. बल्ब हातात घेऊन त्याने मला आधीच बजावलं, "भाऊ, ही काच अन् ही वाटी पिवळ्या बल्बासाठी बनवलेली हाय. यलईडी टाकला की उजेड वर सांडतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो. फोकस खाली घेऊन देतो, पन तुमी डिपरवरच चालवा." मी मान हलवली. बल्ब बसवून झाला, समोरच्या भिंतीवर उजेडाचा पांढराफेक पट्टा पडला, तरी मी आपला म्हणतोच आहे की लाईट कमी पडतोय. शेवटी तो वैतागला आणि दिवे लागल्यावर मला मागे बसवून गावाबाहेर चक्कर मारून आला. "लई उजेड हाय की भाऊ! त्या वळनावरची बाभळ बी दिसली. तुमाला कावून कमी वाटतो?" मी त्याच्याच खांद्यावरून बघत होतो, आणि मला बाभळ दिसली नव्हती. काच मळली असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्याने फडक्याने काच पुसली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

लाईट कमी पडतोय, हे वाक्य तुमचं आहे नाना. उमापूरला आपण राहत होतो तेव्हा रोज संध्याकाळी ते घरात ऐकू यायचं. कुठल्याशा वस्तीवर गाय अडलेली असते, माणूस बोलवायला आलेला असतो, तुम्ही औषधांची पिशवी हँडलला अडकवता आणि मला उचलून पुढे टाकीवर बसवता. "रस्ता सांग रं," एवढंच तुमचं म्हणणं. मग मी सांगत सुटायचो. नाना, खड्डा. नाना, बैलगाडी, डावीकडून. नाना, म्हातारी चाललीय. त्या जुन्या गाडीचं इंजिन मंदावलं की दिवाही मंदावायचा, म्हणून पूल आला की तुम्ही क्लच दाबून जागेवरच रेस द्यायचात, आणि दिवा उजळेपर्यंत गाडीला, गाडी विकणाऱ्याला आणि मिस्त्रीच्या सात पिढ्यांना शिव्या घालायचात. मला वाटायचं, बाकीची पोरं घरी बसलीत आणि माझ्यावाचून नानांचं पान हलत नाही. एकदा मात्र मला डुलकी लागली. गाडी रस्ता सोडून चारीत उतरली, आपण दोघंही पडलो, आणि तुम्ही उठून पहिली गोष्ट केली ती माझ्या कानाखाली वाजवली. "झोपलास कावून? झोपलास कावून बे?" असं तुम्ही ओरडत होतात, आणि तुमचा आवाज कापत होता. घरी आईने माझ्या गुडघ्याला हळद लावली. तुम्ही चुलीपाशी बसून होतात, भाकरी तशीच ताटात. झोप लागली म्हणून लेकराला मारतात का, हा राग मी कितीतरी वर्षं धरून ठेवला.

तुमच्यामागे आई बरीच वर्षं होती. एकदा भाजी निवडता निवडता ती सहज बोलून गेली, "तुझ्या बापाला दिवे लागल्यावर दिसत नव्हतं रे. नोकरी जाईल म्हणून कुनाला बोलू दिलं न्हाई." मी त्या वेळी चाळिशीच्या अलीकडे होतो, माझी नजर लख्ख होती. मी म्हणालो, बिचारे नाना. बस, एवढंच म्हणालो आणि चहा मागितला. आता आईही नाही, आणि तिला विचारायचं ते सगळं मला आत्ता सुचतंय. सुरुवात कशी झाली होती? आधी कडा गेल्या का? समोरचं दिसतं आणि बाजूचं दिसत नाही, असंच व्हायचं का त्यांना?

कारण मला तसंच होतंय. मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे, दिवसभर गावोगाव फिरून उसाच्या नोंदी घ्यायच्या. हंगामात परतायला तिन्हीसांज होतेच. समोर उजेडाचा एक पांढरा खांब आडवा पडलेला असतो, त्या खांबातलं मला दिसतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी काळं घोंगडं टाकल्यासारखं होतं. म्हणून मी डिपर मारत नाही, उजेड वरच ठेवतो. मागच्या आठवड्यात एक दूधवाला गाडी आडवी घालून ओरडला, "अय, डिपर मार की बे! लोकाचे डोळे फोडतो का?" मी त्याला सॉरी म्हणालो. त्याला काय सांगणार होतो?

त्याच आठवड्यात मी लेकीला तलवाड्याहून, तिच्या मैत्रिणीच्या घरून, आणत होतो. ती अकरावीला आहे. रस्त्याच्या कडेला उसाची पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती, मागे ना लाल दिवा ना काही, नुसते चार दगड मांडून ठेवलेले. लेक मागून किंचाळली, "पप्पा, दगड! पप्पा!" मी करकचून ब्रेक मारला. पुढचं चाक दगडाला लागून थांबलं आणि उसाच्या शेंड्यांची हिरवी वाढी माझ्या तोंडापाशी लोंबत होती. ड्रायव्हर धावत आला. "दिसत न्हाई का मामा? येवढा लाईट हाय की तुमच्या गाडीला!" लेकही तेच म्हणाली, की उजेड सरळ ट्रॉलीवर पडला होता. मी गाडी तिथेच स्टँडवर लावून दगडावर बसलो. तुम्ही मला का मारलंत ते मला तिथे कळलं. मला भीती वाटते नाना. रोज दुपार कलली की वाटते. साहेबांना काहीबाही कारणं सांगून लवकर निघतो. बीडला डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलो, आणि पायरी न चढता परत फिरलो. आत गेलं की त्या गोष्टीला नाव मिळेल.

पण आंधळं होण्याहून मोठी भीती दुसरीच आहे. तुम्ही माझ्याशी एक खेळ खेळायचात, आठवतो? अंधार पडला की मला अंगणात उभं करायचात आणि विचारायचात, त्या लिंबाखाली काय बांधलंय? दोरीवर काय वाळत घातलंय? मी सांगायचो, शेळी. आईचं लुगडं. तुम्हाला इतका आनंद व्हायचा की मला वाटायचं, आपण फार हुशार आहोत. एकदा तर मला नीट दिसलंच नव्हतं, कंटाळा आला होता, मी आपलं अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं. खेळ संपला की तुम्ही स्वयंपाकघरात जायचात, आईशी हळू आवाजात बोलायचात, आणि आई पदराला हात पुसत बाहेर येऊन अंगणाकडे एक नजर टाकून जायची. ती कशाला यायची, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायची गरजच उरली नाही. माझं उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हाला दिसतच नव्हतं; ते आई बघून जायची.

लेकीला स्कूटी हवी आहे. क्लास संध्याकाळचा असतो, मैत्रिणींकडे गाड्या आहेत, सारखं माझ्यामागे टुमणं लावलंय. काल अंधार पडल्यावर मी तिला अंगणात बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या भिंतीवर काय बसलंय, सांग बरं."

"पप्पा, मी काय लहान हाय का?" ती हसली. "मांजर हाय. पांढरी." पटकन बोलली, अडखळली नाही, आणि मोबाईल बघत आत निघून गेली.

नाना, मला भिंतही दिसत नव्हती. मी कान देऊन उभा राहिलो, मांजर कधीतरी ओरडेल म्हणून. मग स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको भाकरी थापत होती, तिने मान वर करून विचारलं, "काय हो?" एवढंच म्हणायचं होतं, की जरा बाहेर येऊन भिंतीकडे बघ. तुम्हाला ते जमायचं. मी पाणी मागितलं, उभ्यानेच प्यालो आणि परत बाहेर अंगणातल्या ओट्यावर येऊन बसलो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकतो. ती मांजर तिथे होती की नव्हती, हे मी अजून कोणालाच विचारलेलं नाही.