घर ते शाळा

आंबिवली,
६ मे १९८९

प्रिय गोदाताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. रेवती पाचवीत गेली, मेधा दुसरीत. वागळे इस्टेटमधलं माझं काम तसंच चालू आहे. दुसऱ्यांनी घडवलेले भाग दिवसभर मोजायचे. मापात बसले तर शिक्का, नाही बसले तर परत. यांनाही जूनपासून ठाण्यातच काम मिळालंय. त्यामुळे आंबिवली सोडायचं ठरलं.

तुझी भागी सातवी पास झाल्याचं भाऊकडून कळलं. बहात्तर टक्के. तुमच्या गावातली शाळा सातवीलाच संपते, हे मला माहीत आहे.

जागा शोधतेय. नौपाड्यात शाळा उत्तम, पण आवाक्यातली जागा दुसऱ्या मजल्यावर. एकोणतीस पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. कल्याणला तळमजला मिळत होता. तिथे शाळेच्या वाटेवर उघडं गटार आणि त्यावर दीड वीत रुंदीची फळी. हे म्हणाले, "एक ढांग टाकली की पार." मी ती जागा बाजूला ठेवली.

डोंबिवली पूर्वेला आवडाबाई म्हणून एक आहेत. तिथल्याच जुन्या. भातशेती होती, आता सगळीकडे इमारती झाल्यात, पण त्यांचं कौलारू घर अजून उभं आहे. त्याला लागून दोन खोल्या, जमिनीलगत. मी टेप काढून उंबरा मोजत होते, तर त्या कमरेवर हात ठेवून मागे उभ्या.

"गो बाय, उंबरा कनाला मोजतंस? नवरी आनाची हाय का?"

"जरा उंच आहे."

"माज्या सासूनं घातलाय. पन्नास वर्सांत कोन पडला नाय त्याच्यावर."

"थोडा तासून घेतला तर चालेल?"

"खोली भाड्यानं मांगतंस आनी उंबरा तासतंस! पोरं किती?"

"तीन."

ताई, मी तीन म्हणाले. यांनी माझ्याकडे पाहिलं.

भागीला आठवीसाठी माझ्याकडे पाठवशील का? शाळा आणि घर रेल्वेच्या एकाच बाजूला आहेत. मध्ये रूळ नाहीत, जिनाही नाही. प्रवेश पाच जूनपर्यंत चालू आहेत. शाळा सोडल्याचा दाखला लागेल. बाकीचं मी बघते.

उत्तराची वाट पाहते.

जया


आंबिवली,
१९ मे १९८९

गोदाताई,

तुझं उत्तर आलं नाही. काल भाऊ येऊन गेला. तू काय म्हणालीस ते मी त्याला शब्दान् शब्द विचारलं. तो टाळत होता. मी चहा पुढे ठेवला नाही, तेव्हा बोलला.

"‘धडधडीत पूल असताना जी पोरगी रुळांतून गेली, सांगितलेलं ऐकलं नाही, तिला परत तिकडे धाडून दुसरा पाय घालवू का? घरात राहील, भाकऱ्या शिकेल.’ असं म्हणाली ताई."

"भागी कुठे होती?"

"तिथेच. चुलीपाशी."

"काही बोलली?"

"काय बोलणार? तिला रोजचंच झालंय ते."

रोजचंच. हा शब्द त्याने सहज वापरला आणि बशी मागितली.

ताई, तू माझ्यावर रागावली आहेस, ते मला मान्य आहे. चौथी झाल्याबरोबर तिला माझ्याकडे पाठव, इंग्रजीचा पाया पक्का होईल, असा हट्ट मीच धरला होता. तुझी मुलगी दोन पायांवर आली आणि आठ महिन्यांत एका पायावर परत गेली. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. त्यावर मी काही म्हणत नाही. पण तिला न ऐकणारी म्हणू नकोस. ती तशी नाही. मला हे कसं माहीत, ते आत्ता विचारू नकोस.

रविवारी मी पुन्हा डोंबिवलीला गेले. उजव्या घोट्याला दोन्ही बाजूंनी लाकडी फूटपट्ट्या बांधल्या, म्हणजे भागीला बसवलेल्या पायासारखा घोटा वाकत नाही. तशी घर ते शाळा चालले. एकोणीस मिनिटं. दोनदा टेकावं लागलं. एकदा दवाखान्याच्या कट्ट्यावर आणि एकदा पिठाच्या गिरणीपाशी, तिथे बाकडं आहे. आठवीचा वर्ग तळमजल्यावर भरतो. मुख्याध्यापिकांना घरी गाठून विचारलं, डब्याबरोबर पाण्याचं ओझंही मुलांना न्यावं लागतं का. नाही, शाळेत टाकी आहे.

परत आले तेव्हा आवडाबाई माझ्या पायाकडे बघून हसायला लागल्या. "काय गो, लग्नात नाचाय शिकतंस का?" मी त्यांना सांगितलं कशासाठी ते. मग त्या हसल्या नाहीत. आत गेल्या आणि लेकाला म्हणाल्या, "आनंदा, छिन्नी कुठं ठेवलीस रं?"

आता उंबरा चार बोटांऐवजी एक बोट आहे.

ताई, सतरा दिवस उरलेत. बारा वर्षांची मुलगी आहे. तिला बसवू नकोस. मी कोणाला विनंती करत नाही, तुला ठाऊक आहे. ही विनंती आहे.

जया


आंबिवली,
३० मे १९८९

गोदाताई,

हे पत्र भाऊच्या हाती देतेय. तो समोर बसून राहील. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आमच्या कामात एक पद्धत आहे. वहीत माप चुकीचं लिहिलं गेलं तर ते खोडून, गिरवून झाकायचं नाही. त्यावर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. मी नऊ वर्षं हे करतेय. नव्या मुलींना शिकवते.

दवाखान्यात दाजींनी मला विचारलं होतं, "पूल होता ना तिथे?" मी म्हणाले, "हो. मी पुलावरूनच जायला सांगितलं होतं."

हे माझं वाक्य. त्यावर रेघ.

खरं असं आहे. जून ८६ मध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी घड्याळ लावून दोन्ही वाटा चालले. पुलावरून अकरा मिनिटं. रूळ ओलांडून चार. सगळी वस्ती तिथूनच जायची, दूधवाला सायकल उचलून जायचा. मुली बाहेर पडल्यावर मला कुलूप लावून कामावर निघायचं असे, आणि सात मिनिटं मिळाली तर माझी गाडी चुकत नसे. सात मिनिटं, ताई. मी भागीचा हात धरून तीन दिवस तिला ती वाट दाखवली. कुठे थांबायचं, आधी कुठे बघायचं, सगळं. पहिल्या दिवशी ती थबकली. म्हणाली, "मावशी, आईने पुलावरून जायला सांगितलंय."

मी म्हणाले, "तुझी आई इथे राहते का?"

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. जानेवारीत त्या सकाळी रेवतीला ताप होता म्हणून ती एकटी गेली. धुकं होतं. मी शिकवल्याप्रमाणे ती थांबली असणार, बघितलंही असणार. धुक्यात काय करायचं ते मी शिकवलं नव्हतं. तेवढं मी मोजलं नव्हतं.

आणि मी दाजींशी खोटं बोलले तेव्हा ती शुद्धीवर होती. कॉटच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने मान भिंतीकडे वळवली. दहा वर्षांची होती.

दोन वर्षं चार महिने. तू तिला रोज ऐकवतेस आणि ती माझं नाव घेत नाही. का, ते मला माहीत नाही. मला वाचवायचं म्हणून असेल, किंवा आपण दोघी बहिणी तुटू म्हणून असेल. आपण तर तुटलोच आहोत. मी रोज ठरवत होते, उद्या लिहीन. मागच्या दोन पत्रांतही लिहिणार होते. उंबऱ्याचं माप लिहिलं, हे नाही लिहिलं. मला वाटत होतं, जागा बरोबर निवडली, प्रत्येक पायरी मोजली, तर हे सांगावं लागणार नाही. पण तू तिला घरात बसवणार आहेस, आणि ती न ऐकणारी आहे म्हणून बसवणार आहेस. ती ऐकणारी होती. माझं ऐकलं म्हणून तिचा पाय गेला.

हे वाचल्यावर तू तिला माझ्या हाती देणार नाहीस. मीही दिली नसती. म्हणून असं कर. डोंबिवलीच्या दोन खोल्या तुझ्या. तू तिला घेऊन ये आणि तूच तिच्याजवळ राहा. आम्ही कल्याणची ती गटाराशेजारची जागा घेतो. माझ्या मुलींना ढांग टाकता येते. हे तयार आहेत. आवडाबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी भैनी भैनी मागशान भांडा. पोरीचं नाव आदी शालेत घाला."

मला तुझ्या दारात उभं करू नकोस, माफ करू नकोस, भाऊबीजेला बोलावू नकोस. मी काही म्हणणार नाही. पाच तारखेला शाळेच्या फाटकाशी दाखला घेऊन ये, एवढंच. मी तिथे नसेन.

आणि एक. हे पत्र भागीसमोर वाच, मोठ्याने. मग तिला विचार, मावशी म्हणते ते खरं का. ती नाही म्हणेल. म्हणेल, माझंच चुकलं, मीच ऐकलं नाही. त्या वेळी, ताई, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

वर रेघ मारलेलं वाक्य तसंच राहू दे. त्याच्या शेजारी ही सही.

जया कुंडलिक ठोंबरे